लाल-पांढरे ठोकळे

— आणि मग तू टिश्यूचा डबा तिच्याकडे सरकवलास. हो ना? आत्ता तूच म्हणालीस, पेशंट रडायला लागली, मी टिश्यू पुढे केले. का केलेस? नाही, मी विचारतेय, का? तिला हात नव्हते? डबा टेबलावरच होता, तिच्या कोपरापासून हा इतका लांब — हवा असता तर घेतला असता तिनं. तुला वाटलं, आपण किती मायाळू! माया कसली, बाई. तुला ते रडणं बघवेना म्हणून तू डबा सरकवलास. समोरच्याला त्याचा अर्थ काय लागतो सांगू? पूस ते डोळे, आवर आता, मला त्रास होतोय — असा लागतो. ती बिचारी कधी नव्हे ती रडायला बसली आणि तू तिच्या तोंडाला बोळा लावलास, मऊ कागदाचा. लिहून घेऊ नकोस! पेन खाली ठेव. जरा काही बोललं की लागली लिहायला. कानांनी ऐक, त्यासाठीच दिलेत देवानं.

आणि तो तुझा 'हं'. मागच्या केसच्या रेकॉर्डिंगमध्ये ऐकला मी. पेशंट सांगतेय की मला जगावंसं वाटत नाही, आणि तू — 'हं'. भाजी चिरता चिरता शेजारणीशी फोनवर बोलणाऱ्या बाईचा असतो ना, तसला 'हं'. मान तर अशी डोलावतेस की मला वाटलं आता टाळ्या वाजवणार. सरळ बस. घाबरतेस काय अशी? मी काय खाणार आहे तुला? बाहेर बाकावर बाकीची बसलीयेत ना, ती आत्ता हेच म्हणत असतील — मॅडम तिला सोलतायत. सोलतेच. डोक्यात हात घालायचा परवाना द्यायचाय मला तुम्हाला, दुसऱ्याच्या डोक्यात, तो काय गोड बोलून वाटू? तुमच्यातलाच तो चष्मेवाला मागच्या महिन्यात माझ्यासमोर ढसाढसा रडला. मी डबा सरकवला का? नाही सरकवला. बाहीला नाक पुसून गेला, आणि आता बघ कसा सुधारलाय, मी विचारायच्या आधी उत्तर देतो.

बरं. तुझी ही शेवटची केस. हिच्यावर माझी सही झाली की तू सायकॉलॉजिस्ट, नाही झाली की आणखी एक वर्ष याच बाकावर, आणि सही नाकारलेल्या माणसाला पेशंट बघता येत नाहीत, नियम तुला माहितीये. म्हणून जरा जपून बोल. तर, शिंपीण. तिशीच्या आतली, एकटी राहते, झोप नाही, जेवणावर मन नाही, काही ठरवायचं म्हटलं की हातपाय गार. साधी चप्पल घ्यायला गेली तरी दुकानदाराला विचारते, ही बरोबर आहे का, आणि तो हो म्हणाला की त्याचा विश्वास वाटत नाही म्हणून न घेता परत येते. हे छान टिपलंस. हो, छान म्हणाले मी, लगेच खुलू नकोस. वडील शाळामास्तर, अतिशय कडक. आई? आईबद्दल एकच वाक्य. 'आई शांत स्वभावाची.' एवढ्या लांबलचक केसमध्ये आई एका वाक्यात आटोपली, आणि तेही इतकं गुळगुळीत की माशी घसरून पडेल.

ओळख पुसून केस मांडायची हे मीच शिकवलं तुम्हाला. नाव बदला, धंदा बदला, गल्ली बदला. पण अगं, तुझ्या आधीच्या केसेस मी ऐकल्यात ना. बसड्रायव्हरचा ट्रकड्रायव्हर केलास, की झालं तुझं काम. आणि हिच्या वेळी? घरातली माणसंच उलटीपालटी! एवढी रंगरंगोटी कुणासाठी गं? बाहेरच्यांसाठी नव्हे, बाहेरच्या कुणाला पडलीय. मग या खोलीत दुसरं कोण आहे? आणि करायचीच होती तर नीट तरी करायची. मास्तर वडील, बरं, आणि मध्येच सांगतेस, लहानपणी वेणी घालताना प्रश्न विचारायचे, आरशातून बघत, आणि उत्तर मिळेपर्यंत केसांचा पेड हातात ओढून धरायचे. वडील? असतील बाई, वेणी घालणारे वडीलही असतील जगात, माझ्या नवऱ्याला तर स्वतःच्या बुटाची नाडी धड बांधता येत नाही — पण ते सांगताना तुझी नजर टेबलाखाली गेली. तरी मला तेव्हा काही कळलं नव्हतं. मी म्हटलं, पोरगी घाबरलीय, विसरतेय. खरंच म्हटलं.

मला कळलं ते ठोकळ्यांवरून. थांब, काढते. हा खालचा खण नेहमी अडकतो, एक लाथ — हां. हा डबा ओळखीचा ना तुझ्या? रोज घेतेस ही टेस्ट. लाल बाजू, पांढरी बाजू, आणि काही बाजू अर्ध्या लाल अर्ध्या पांढऱ्या. कार्डावर नक्षी दिसते, तशी ठोकळ्यांची लावायची. लाव. हो, आत्ता. हे घे, शेवटचं कार्ड, सगळ्यांत अवघड. मी घड्याळ लावते. लाव म्हटलं ना? ... बघ, कितीदा कार्डाकडे बघतेस! तो फिरव. दुसऱ्या अंगानं. गेलं, सगळंच गेलं. लोकांच्या बुद्धीची मापं काढतेस आणि स्वतःला एक नक्षी लावता येत नाही? असू दे. असू दे म्हटलं, ठेव खाली.

नाही, तुझी चूक नाही त्यात. पहिल्यांदा लावणारा माणूस असाच लावतो. बघतो, लावतो, मोडतो, ओठ चावतो, परत बघतो. आणि तुझी शिंपीण? तू मला काय सांगितलंस? 'मॅडम, तिनं शेवटचं कार्ड दुसऱ्यांदा बघितलंसुद्धा नाही, खिडकीबाहेर बघत होती आणि बोटं आपली लावत होती, असाधारण बुद्धिमत्ता!' — असाधारण म्हणताना डोळे केवढे केलेस! कपाळाला हात लावला मी मनातल्या मनात. अगं, रात्र रात्र झोप नसलेली, खचलेली बाई, तिचे हात मंद चालायला हवेत, आणि ती सगळ्यांत अवघड नक्षी न बघता लावते, तर तुझ्या डोक्यात पहिला प्रश्न कुठला यायला हवा? हिनं हे आधी कुठं केलंय! किती वेळा केलंय! कुणी बसवलं होतं हिला हे करायला? सरावाचा परिणाम म्हणतात त्याला, पहिल्या वर्षाच्या पोरांना विचार, झोपेत सांगतील. टेस्ट आधी झालेल्या माणसावर परत घेतलीस की येणारे मार्क बुद्धीचे नसतात, सवयीचे असतात. एवढं ढळढळीत समोर आणि तू असाधारण म्हणून मोकळी! तुझ्या जागी दुसरी कुणी असती ना, तिनं हा भाग मला सांगितलाच नसता. तू सांगितलास. कारण तुला त्याचा अर्थच कळला नाही. सगळं लपवलंस, आईच्या जागी वडील आणलेस, आणि नेमकी ही गोष्ट ताटात वाढून माझ्यासमोर ठेवलीस.

एक सांग. टेस्ट संपल्यावर ठोकळे कुणी आवरले? तिनं? तू सांगायच्या आधी, आपणहून? आणि डब्यात ठेवताना सगळ्यांची लाल बाजू वर? एकही पांढरा वर दिसता कामा नये अशी, बोटानं चाचपून?

... झालं. नको बोलूस. कळलं मला. चेहऱ्यावर काम कर तू आधी. उघड्या खिडकीसारखा चेहरा घेऊन या धंद्यात येऊ नये कुणी, रस्त्यावरचा कुणीही आत डोकावून जाईल. लाल वर ठेवायचं हे कुठल्याही पुस्तकात नाही, माहितीये? इथं डिपार्टमेंटमध्ये सगळे कसेही कोंबतात. ते फक्त एका घरात होतं.

पाणी नको मला. बस खाली. मी उठ म्हटलं का?

काय बघतेयस अशी? नातेवाइकांवर टेस्ट घेऊ नये, हेच ना? मला शिकवतेस? मीच सांगते ते, पहिल्या तासाला, फळ्यावर. पण मी शिकत होते तेव्हा सराव कुणावर करायचा होता मी? भिंतीवर? तुम्हाला आता पेशंट आयते मिळतात, समुपदेशन केंद्र आहे, खुर्च्या आहेत, पलीकडून बघता येणारी आरशाची काच आहे. आमच्या वेळी काय होतं? घरात एक लहान मूल होतं, हुशार, सांगितलं की एका जागी बसणारं. सगळेच घ्यायचे घरच्यांच्या टेस्ट, फक्त बाहेर बोलायचे नाहीत. आमचे सर म्हणायचे, बाई, तुमचा हात इतका साफ कसा? काय सांगणार, म्हटलं, मेहनत. मग मी शिकवायला लागले तर माझे विद्यार्थीही घरीच यायचे, सुट्टीच्या दिवशी सकाळी. तीच टेबलाशी बसायची, स्टुलावर उशी ठेवून, पाय खाली पोचायचे नाहीत. ठोकळे, चित्रं, शाईचे डाग, मग नवा विद्यार्थी, परत ठोकळे. तिला आवडायचं. आवडायचंच! नाहीतर रडली नसती? एकदाच रडली होती, तेही अंगात ताप होता म्हणून, आणि त्या दिवशी लवकर संपवलं आम्ही. तशी मी कठोर नव्हते.

आणि नियम मी एकही मोडला नाही, हे लक्षात घे. टेस्ट घेणाऱ्यानं उत्तर बरोबर की चूक ते सांगायचं नसतं. ती विचारायची, मुलं विचारतातच, 'आई, बरोबर आलं का?' मग आपण काय म्हणायचं असतं? सांग की, पाठ आहे ना तुला? 'तू छान प्रयत्न करतेयस.' बस. शाबासकी नाही, नाराजी नाही, कपाळाला आठीसुद्धा नाही. दर वेळी तेच वाक्य, तोच सूर. सूर बदलला की टेस्ट बिघडली. मग काय, सवयच लागली माझ्या जिभेला. चित्र काढून आणलं — छान प्रयत्न. स्टेजवर गाणं म्हणून आली, घामानं चिंब — छान प्रयत्न. मोठी झाली, एका मुलाला घरी घेऊन आली, तो हात धुवायला आत गेला तेवढ्यात माझ्या कानाशी येते आणि विचारते, 'आई, बरोबर आहे का गं हा?' आता बोल! हसू आलं तरी हस, मला येतं कधी कधी. ओठांवर दुसरं काही आलंच नाही माझ्या. तिनं माझ्याकडे असं बघितलं, असं... त्या मुलाचं पुढे जमलं नाही, तो भाग वेगळा.

काय करतेयस? हात मागे घे. सरकवू नकोस तो डबा! आत्ता एवढं घसा फोडून सांगितलं ते काय भिंतीला? माझ्या डोळ्यांना एसीचा त्रास आहे, सगळ्या डिपार्टमेंटला माहितीये.

गेली मग ती. घरातून गेली. भांडण नाही, तंटा नाही, नीट कपड्यांची बॅग भरली, दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, आई, मी जातेय. कुठलीही आई काय म्हणेल? थांब म्हणेल, मर म्हणेल, काहीतरी म्हणेल. मी म्हटलं, 'हे बोलताना तुला काय वाटतंय?' — अगदी असंच, हात मांडीवर ठेवून, मान जराशी कलती. उत्तम प्रश्न आहे तो! खुला प्रश्न, पुस्तकातला. तिनं बॅग उचलली. तेव्हापासून घरात मी आणि हा. नवरा माझा. दर आठवड्याला फिरायला म्हणून जातो, हातात पिशवी असते भरलेली, येतो तेव्हा रिकामी घडी घालून. मी विचारत नाही. तोही सांगत नाही, समोर बसून मूग गिळून जेवतो. माणसाला बोलतं कसं करायचं यावर मी गावोगाव भाषणं देते, आणि घरात एक पिशवी मला उलगडत नाही.

आता जरा डोकं चालव. मी तुझी गाइड म्हणून सांगतेय. त्या केंद्रात माझे विद्यार्थी बसतात हे तिला माहीत होतं. पक्कं माहीत होतं, ते उघडलं तेव्हा माझ्याबरोबर खुर्च्या लावायला आली होती ती. शहरात काय मानसोपचारवाल्यांचा दुष्काळ आहे? इतकी दारं सोडून ती तिथंच का आली? तुझ्याशी बोलायला? तू कोण? 'हं' करणारी एक पोरगी. अगं, तुझ्यापुढे बोललेलं फिरून कुणाकडे येतं? इथं येतं. या टेबलावर येतं, माझ्याकडे! हे तिला कळत नव्हतं? पोटची पोर आहे ती माझी. माझ्यापर्यंत पोचावं म्हणूनच आली ती. आता तू ते मधल्यामध्ये अडवून बसलीयेस, हा अन्याय आहे तिच्यावर. मान हलवू नकोस. काय नाही? असं ती म्हणाली? म्हणाली का, मॅडमना सांगू नका? बघ, परत चेहरा! म्हणाली तर. म्हणाली. बरं.

बरं, म्हणाली असेल. पेशंट म्हणतात तसं. म्हणतात एक आणि हवं असतं दुसरंच, हे तर आपल्या धंद्याचं पहिलं सूत्र आहे. तू मला सगळी केस सांगितलीस, बसली कशी, रडली कशी, ठोकळे, चप्पल. पण निघताना काय म्हणाली ते नाही सांगितलंस. तास संपतो, माणूस उठतो, पर्स उचलतो, दाराच्या कडीवर हात ठेवतो आणि वळून एक वाक्य टाकतो. तासभर बोललेलं सगळं बाजूला ठेवा, ते दारातलं वाक्य धरा — किती वेळा सांगितलं मी तुम्हाला? बाकी प्रत्येक केसमध्ये तू दारातलं वाक्य सांगितलंयस, तोंडपाठ. हिचं दार कुठं गेलं? बाकी काही नको मला. घर कुठं, काम काय, काही नको. ते एक वाक्य सांग.

सांग.

परवा तुझी आई भेटली मला, जिन्यात. भाजीची पिशवी खाली ठेवली आणि सगळ्या शिपायांसमोर माझे दोन्ही हात धरले. म्हणते, आमची पोर लई गुणाची आहे हो मॅडम, तिच्यावर लक्ष असू द्या. इतकं उघड! लाज कशी वाटत नाही मला कळत नाही, स्वतःच्या पोरीचं असं तोंडभर... आणि तू मागे उभी, लाजून चूर, पण आतून फुललेली. बघत होते मी. त्या बाईला आता घरी जाऊन काय सांगणार आहेस? गल्लीभर सांगून बसली असेल, पोरगी पास होणार म्हणून. मला काही आनंद नाही तुला अडवण्यात. हे पेन, ही जागा, इथं एक रेघ ओढायचीय फक्त. एक वाक्य दे आणि रेघ घे.

... बोलत नाहीस. कुणाकडून शिकलीस गं इतकं गप्प बसायला? माझ्याकडून? इतके दिवस मी ओरडतेय, शांतता सोसायला शिका, शांतता सोसायला शिका, तेव्हा तुला दम धरवत नव्हता, पेशंटनं श्वास घेतला की तू मध्ये. आणि आज बरी जमली! चांगलं. मग हेही ऐक. सही नाही झाली तर तू पेशंट बघू शकत नाहीस. म्हणजे तीसुद्धा नाही. पुढच्या वेळी ती येईल, त्याच जिन्यानं, काय बोलायचं ते वाटेत जुळवत — ती जुळवते, लहानपणापासून ओठ हलतात तिचे — आणि खुर्चीत तू नसशील. तो चष्मेवाला असेल. त्याला मी हाक मारली की तो घडाघडा सगळं सांगेल, कुत्र्यानं चेंडू आणावा तसं. मग तुझ्या या इमानदारीचा तिला काय उपयोग झाला? त्या तापाच्या दिवसानंतर पहिल्यांदा कुणापुढे रडली असेल ती. रडायची नाही गं ती. स्टुलावरून उतरताना गुडघा फुटला तरी माझ्याकडे बघायची आधी, की रडलेलं बरोबर आहे का... तर ते तुझ्या हट्टापायी बंद होणार. हां बघ, लागलं. आता खरं लागलं तुला. डोळे भरले. पूस, हवं तर. डबा तिथंच आहे, मी काही सरकवणार नाही.

बरं, वाक्य राहू दे. एवढंच सांग, झोप लागायला लागली का तिला? हा साधा प्रश्न आहे, कुठल्याही पेशंटबद्दल गाइड विचारू शकतो. कुशीवर झोपते ती, गुडघे पोटाशी घेऊन, पाय उघडे पडले की जाग येते. कुणी पांघरूण... मान तरी हलव. हो किंवा नाही. मी काही मागत नाहीये तुझ्याकडे, मी तुझी परीक्षा घेतेय! तुला काय वाटलं, मला तुझ्याकडून माझ्या घरची बातमी हवीय? तू कोण गं? कालपर्यंत तुला पेशंटसमोर पाय कुठं ठेवायचे ते कळत नव्हतं आणि आज तू ठरवणार, माझ्या मुलीचं मला काय कळायचं आणि काय नाही?

पुरे. पेन बंद केलं मी. हे कागद घे, सही नाही त्यावर, दिसतंय ना? कारण हवं असेल तर लिही — सरावाचा परिणाम ओळखता आला नाही. खरंच आहे ते, कुणी मला खोटं पाडणार नाही. वर्षभर बस परत, पहिल्या वर्षाच्या पोरांबरोबर ठोकळे लाव. आणि उद्यापासून केंद्रावर जायचं नाही, किल्ली चष्मेवाल्याकडे दे. पर्स उचल. रडत बाहेर जाऊ नकोस, बाकीच्यांना वाटेल मी मारलं तुला.

... थांब. दार उघडू नकोस एक मिनिट. बाहेर ऐकू जातं.

तिचं बरोबर यायचं. सगळं. पहिल्या दिवसापासून, प्रत्येक कार्ड, एकही चुकलं नाही कधी. मी इतकी मुलं बघितली, मोठमोठ्यांची मुलं बघितली, तिच्याइतकं कुणाचं नाही आलं. मी खाली मान घालून मार्क लिहायची आणि माझा ऊर असा... ते तिला... नाही. नाही, काही सांगू नकोस तिला. कुठं भेटली, रस्त्यात भेटली, तरी ओळख दाखवायची नाही, पेशंटला आपण होऊन ओळख दाखवायची नसते. नियम आहे. आणि आता तर ती तुझी पेशंटही नाही.

जा. — काय? आता काय? इतका वेळ दातखीळ बसली होती आणि आता कडीवर हात ठेवून बोलायचं सुचलं? मोठ्यानं बोल, पुटपुटू नकोस. तू गप्प राहिलीस ते बरोबर केलंस की चूक — हे मला विचारतेस? मला?

तू छान प्रयत्न केलास. दार ओढून घे, आणि त्या चष्मेवाल्याला आत पाठव.